डिमेन्शियाच्या पेशंटला फिजिओ कशाला?

"आजार डोक्याचा, मग फिजिओ कशाला?" राजापूर ते वेंगुर्ले या आमच्या पट्ट्यात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करतो आणि जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण फिजिओ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, गुडघ्याचं ऑपरेशन आणि लकवा. विसरण्याच्या आजारात गोळ्या लिहून देणारा डॉक्टर असतो, सांभाळणारी सून असते नाहीतर स्वतःच पंच्याहत्तरीला आलेला नवरा असतो, त्यात हा हातपाय हलवायला लावणारा माणूस कशाला हवा?

तर चालणं हे पायांचं काम वाटतं खरं, पण ते डोक्याचंच काम आहे. आपण पडवीतून माजघरात जाताना उंबरठा ओलांडतो तेव्हा डोळे त्याची उंची मोजतात, मेंदू ठरवतो कुठला पाय आधी टाकायचा, तोल दुसऱ्या पायावर जातो, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत असते की डोकं सरळ आहे की कललंय, आणि हे सगळं चालू असताना आपण मागे वळून "गॅस बंद कर गो" म्हणून ओरडतही असतो. चांगल्या मेंदूला हे सगळं एकदम जमतं. डिमेन्शियात लक्ष असं वाटून द्यायची ताकद लवकर कमी होते. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्ध निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर एक साधी गोष्ट करून बघितली, त्यांच्यासोबत चालता चालता नुसत्या गप्पा सुरू केल्या. १२ जण उत्तर द्यायला जागच्या जागी थांबले, आणि त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ना मशीन, ना स्कॅन. तुमच्या घरातलं माणूस बोलायला थांबत असेल तर त्याच्याशी चालताना गप्पा मारू नका, आणि फोनवरचा व्हिडिओ कॉल चालताना तोंडासमोर धरणं तर अजिबात नको.

डिमेन्शिया हा एकच आजार नाही, आणि कुठला आहे याचा अंदाज चालण्यावरूनही येतो. सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर, जगभरातल्या केसेसपैकी साधारण ६० ते ७० टक्के. त्यात सुरुवातीची काही वर्षं माणूस ठणठणीत चालतो, उलट इतका चालतो की गावभर शोधत फिरावं लागतं, चाल बिघडते ती नंतर. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे येऊन होतो त्या व्हॅस्क्युलर प्रकारात मात्र चाल लवकरच बदलते, पावलं छोटी होतात, पाय जमिनीला घासत येतात. लुई बॉडी डिमेन्शिया आणि पार्किन्सनसोबत येणारा डिमेन्शिया, यांत अंग कडक होतं आणि दारात आलं की पाय अडकतात, पुढे पडतच नाहीत. आणि एक गोष्ट जरा नीट वाचा. चाल आधी बिघडली, मग लघवीवरचा ताबा गेला आणि विसरणं त्याच्या जोडीने किंवा मागाहून आलं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला "नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असेल का?" असं स्पष्ट विचारा. त्यात मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं, बारीक नळी टाकून ते पोटात उतरवायचं ऑपरेशन असतं आणि वेळेत केलं तर बऱ्याच जणांची चाल सुधारते. बी-१२ कमी असेल तरी तोल आणि स्मरण दोन्ही बिघडतात, त्याला तर साधी रक्ततपासणी पुरते. "वयच झालंय आता" म्हणत अशी माणसं वर्षानुवर्षं ओटीवर बसून राहतात याचा मला फार राग येतो.

बसून राहण्याबद्दलच मुख्य सांगायचंय. आमच्याकडची घरं तुम्हाला माहितीयत, एवढं मोठं कौलारू घर आणि आत दोनच म्हातारी माणसं, मुलं विरार-डोंबिवलीला, येणार ती मे महिन्यात, गणपतीत, जमलं तर शिमग्याला. आजी एकदा न्हाणीत घसरते आणि मग फोनवरच ठरतं की तिला उठू देऊ नका. प्रेमानेच ठरतं. ओटीवर प्लास्टिकची खुर्ची, समोर टीव्ही, चहा हातात, जेवण हातात. दोन महिन्यांनी आजीला खरंच उठता येत नाही आणि सगळे म्हणतात बघा, आजार किती झपाट्याने वाढला. आजार वाढलाही असेल थोडा, पण पाय गेले ते बसवल्यामुळे. २००७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे, त्यात धडधाकट, काहीही आजार नसलेल्या वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तर नुसत्या पायांचाच सुमारे १ किलो स्नायू गेला. दहा दिवसांत, तेही धडधाकट माणसांचा! त्यात बद्धकोष्ठ होतो, उभं राहिलं की बीपी एकदम उतरतं, दिवसा खुर्चीत डुलक्या लागतात म्हणून रात्री झोप नाही आणि रात्री झोप नाही म्हणून अंधारात उठून फिरणं.

आणि यातली खरी गोची अशी की "बसून राहा" ही सूचनासुद्धा आजी विसरते. म्हणजे ती उठणारच आहे, लघवीला लागली की उठणार, कुत्रा भुंकला की उठणार, फक्त आता ती दोन महिने न वापरलेल्या पायांवर उठणार. ज्या पडण्याच्या भीतीने बसवलं ते पडणं आपण स्वतःच जवळ आणलं. काही घरांत खुर्चीला लुगड्याने बांधून ठेवलेलं पण मी बघितलंय. कृपा करून असं करू नका, माणूस सुटायला धडपडतो आणि खुर्चीसकट पडतो.

मग करायचं काय? इथे बरेच फिजिओसुद्धा अडकतात, मी आमच्याच लोकांबद्दल बोलतोय. नेहमीची पद्धत म्हणजे कागदावर सात व्यायाम लिहून द्यायचे, प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. डिमेन्शियाच्या पेशंटला तिसऱ्या वेळेला आपण काय करतोय हेच आठवत नाही, आणि उद्या हा माणूस कोण आलाय इथून पुन्हा सुरुवात. पण मेंदूत आठवणी ठेवायच्या जागा एकापेक्षा जास्त आहेत. काल काय जेवलो, पाहुणे कोण आलेले, या आठवणी बनतात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, आणि अल्झायमर तिथेच लवकर घुसतो. हाताला-पायाला बसलेली सवय मात्र दुसरीकडे असते, बेसल गँगलिया आणि सेरेबेलम म्हणजे लहान मेंदू, हे भाग तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. म्हणून सुनेचं नाव विसरलेली बाई अबोलीचा वळेसार न चुकता गुंफते, आणि आजचा वार न सांगता येणारा म्हातारा फाटकं जाळं हातात दिलं की गाठी मारायला लागतो.

आमचं काम मग असं की त्या जुन्या कामात व्यायाम शोधायचा. तुळशीला पाणी घालायचं म्हणजे खुर्चीतून उठणं झालं, तांब्या धरून चालणं झालं, वृंदावनापाशी पुढे वाकणं झालं, आणि फेऱ्या मारल्या तर वळणंही झालं, वळताना तोल सांभाळणं हे तर पडणं टाळायचं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य. दोरीवर कपडे वाळत घालायचे म्हणजे हात डोक्याच्या वर आणि टाचा किंचित उचललेल्या. ओटीवर सुपात तांदूळ निवडताना सूप जरा उजवीकडे ठेवलं आणि डबा डावीकडे, की कमरेतून वळण आपोआप मिळतं. खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतायच्या, लाकडाची चार फोडकी एका जागेवरून दुसऱ्या जागी रचायची, आणि ज्याने आयुष्यभर दुकान चालवलं त्याला शिधा मोजून पुड्या बांधायला द्यायच्या. विळीवर नारळ खवायचं काम मात्र समोर कोणी बसलेलं असेल तरच, आणि हात थरथरत असेल तर नकोच. काम नीट झालं की नाही याला काडीची किंमत नाही हे घरच्यांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. कपडे पुन्हा घडी घालावे लागले तर लागले.

तसंच आरतीचं. गणपतीत एकामागोमाग एक आरत्या होतात, सगळं घर उभं, टाळ वाजतायत, आजोबांना एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नातू, टाळी वाजवत तालावर डावी-उजवी डुलतायत, हा तोलाचा उत्तम व्यायाम आहे आणि शब्दही बहुतेक सगळे पाठ असतात. ताल धरला की अडकणारी पावलंही सुटतात, पार्किन्सनच्या प्रकारात तर हे फार दिसतं, म्हणून चालवताना भजन लावा किंवा नुसतं "एक दोन, एक दोन" म्हणा. फक्त गणपतीच्याच दिवसांत घरात पंधरा माणसं असतात आणि पंधराच्या पंधरा जण एकदम सूचना देत असतात, आज्ये इथे बस, अगो तिथे नको, पाय उचल, काठी घे. त्या गोंधळात चांगली चालणारी बाईसुद्धा गडबडून पडते. बोलणारा एकच ठेवा.

बोलायचं कसं हेही शिकण्यासारखं आहे. मागून आवाज द्यायचा नाही, समोर यायचं, नजरेला नजर, आणि एका वेळी एकच गोष्ट. "उठून चप्पल घालून बाहेर चल" यात तीन कामं आहेत, पेशंटच्या हातात पहिलंच येतं किंवा शेवटचंच, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. "चल गे आये, तुळशीक पाणी घालूया" म्हणायचं, हात पुढे करायचा आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मनात दहा आकडे होईपर्यंत, कारण शब्द ऐकून त्याचा अर्थ लागून पाय हलेपर्यंत त्या मेंदूला तेवढा वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्याच सेकंदाला वाक्य बदलून सांगितलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शब्द कळत नसतील तर करून दाखवा, स्वतः समोरच्या खुर्चीत बसा आणि उठा. आणि घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीतच बोला, फिजिओ आला म्हणून पुस्तकी मराठी नको.

खुर्चीतून उठणं ही एक गोष्ट जमली तरी घरातलं अर्धं ओझं कमी होतं, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. बहुतेक ठिकाणी मी हेच बघतो की मुलगा समोर उभा राहतो, दोन्ही हात धरतो आणि खेचतो, किंवा काखेत हात घालून वर उचलतो. खेचलं की घाबरलेलं माणूस मागे रेलतं, हे जाणूनबुजून नसतं, पडू म्हणून शरीरच उलटा जोर लावतं, आणि मग दोघांची कुस्ती होते. काखेतून उचलल्याने खांदा दुखावतो आणि उद्यापासून ती व्यक्ती तुमचा हात बघूनच आक्रसते. त्यापेक्षा आधी पेशंटला खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, दोन्ही पायांत वीतभर अंतर. मग पुढे वाकायला हवं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं, आणि "वाक" म्हणून कोणी वाकत नाही म्हणून समोर स्टुलावर काहीतरी ठेवा, पाण्याचा पेला, पानाचा डबा, आणि "तो दे बघू मला" म्हणा. हात पुढे गेला की अंग पुढे जातं, अंग पुढे गेलं की ढुंगण आपोआप सुटतं, तिथे तुमचा हात फक्त पाठीच्या खालच्या बाजूला आधाराला असायला हवा. उलट बसताना पेशंट घाई करतात, खुर्ची दिसली की लांबूनच बसायला जातात आणि जमिनीवर येतात. त्यांना सांगायचं "खुर्चीला हात लाव", हाताला लाकूड लागलं, पोटऱ्यांना खुर्चीची कड लागली, मग बसायचं. खुर्ची हात असलेली, जड, लाकडी हवी, जुनी आरामखुर्ची नको कारण त्यातून तरुण माणसालाही उठता येत नाही, आणि ती हलकी प्लास्टिकची तर जोर दिला की सरकतेच. बसायची जागा गुडघ्याच्या उंचीची किंवा किंचित वर असू दे, कमी असेल तर खाली फळी ठोकून घ्या.

जमिनीवर, पाटावर बसून जेवायची सवय असेल आणि आजही उठता येत असेल तर केवळ डिमेन्शिया निघाला म्हणून ती मोडू नका, जमिनीवरून उठण्याइतका चांगला पायांचा व्यायाम मी काही वेगळा देऊ शकत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र सर्जनला विचारल्याशिवाय खाली बसायचं नाही.

वॉकरबद्दल लोकांची फार निराशा होते. दोन हजाराचा वॉकर आणतात आणि आजोबा तो उचलून काखेत धरून चालतात! वॉकर हे नवीन यंत्र आहे, आधी वॉकर पुढे मग एक पाय मग दुसरा, हा क्रम नव्याने शिकावा लागतो आणि नवीन शिकणं हेच तर या आजारात गेलेलं असतं. लवकरच्या टप्प्यात दिला आणि रोज त्याच पद्धतीने वापरायला लावला तर सवयीत बसू शकतो. उशीर झाला असेल तर जी बांबूची काठी आयुष्यभर हातात होती तीच बरी, तिला खाली रबरी बूट बसवा म्हणजे झालं. काही जणांना काठीपेक्षा माणसाचा हात बरा.

आता घर. कोकणातलं घर सुंदर असतं पण डिमेन्शियाच्या पायांसाठी वाईट असतं, हे मी कोकणी माणूस म्हणून बोलतोय. पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर, दुसरी दीड वीत. जांभ्याच्या चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं. उंबरठा आणि जमीन एकाच रंगाची. संडास मागीलदारी, मध्ये चार पावलं उघड्यावर आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. हे सगळं एकदम बदलता येत नाही, पण उंबरठ्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायला दहा मिनिटं लागतात, तसाच पायऱ्यांच्या कडांना. न्हाणीपर्यंत भिंतीला जीआय पाईप नाहीतर नुसता बांबू आडवा ठोकून घ्या, कमरेच्या उंचीला. रात्रीसाठी खाटेजवळ कमोड चेअर किंवा भांडं ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, लाईट गेली तरी चालू राहील असा. पावसाळ्याआधी शेवाळावर ब्लिचिंग पावडर टाकून घासून घ्या.

अजून एक, हे लोकांना पटकन पटत नाही. या आजारात डोळे चांगले असूनही मेंदू खोली आणि कड नीट ओळखत नाही. लाल कोब्यावर काळी सतरंजी पडलेली असेल तर ती पेशंटला खड्डा वाटू शकते आणि तो तिथे थबकतो किंवा उडी मारल्यासारखं पाऊल टाकतो. मुंबईचा मुलगा हौसेने गणपतीआधी घरभर चकचकीत टाईल्स बसवतो, त्यावर दारातला उजेड पडतो, आणि आईला वाटतं पाणी सांडलंय, ती भिंत धरून उभी राहते, पुढे येत नाही. हट्ट नाही तो. दारावर पडदा लावा, उजेड जमिनीवर थेट पडू देऊ नका. पायपुसणी उचला, सगळीच्या सगळी. घरात रबरी सपाता नको, मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल द्या.

तिन्हीसांजेला "मला घरी जायचंय" म्हणत बाहेर पडणारी माणसं बरीच असतात, स्वतःच्याच घरात बसून. दार लावून घेतलं की चिडचिड वाढते. माझा अनुभव असा की दुपारी चारच्या सुमारास, ती वेळ यायच्या आधीच, खळ्यातून वाडीपर्यंत एक फेरी घडवून आणली तर संध्याकाळ पुष्कळ सोपी जाते. आणि निघालेच तर "खंय चललंस गे?" विचारून अडवण्यापेक्षा सोबत चालायला लागा, गडग्याच्या टोकापर्यंत जाऊन बोलत बोलत वळवता येतं. विहिरीला कठडा आणि वर जाळी हवीच, यावर चर्चा नको.

काल चालत होती आणि आज पाय टाकत नाही, असं झालं तर ते डिमेन्शिया वाढल्याचं लक्षण समजू नका. डिमेन्शिया असा एका रात्रीत पाय काढून घेत नाही. एक-दोन दिवसांत चाल गेली, सोबत गुंगी, बडबड, भलतंसलतं दिसणं सुरू झालं तर लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, चार दिवस संडास न होणं, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, किंवा नवीन सुरू झालेली गोळी यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी आहे. एका बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं तर तो स्ट्रोक, तिथे मिनिटं मोजायची, १०८ ला फोन करा. गोळ्यांचं म्हणाल तर झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि पेशंट फार आरडाओरड करतो म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी तोल जातो, आणि लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखं औषध तर अंग लाकडासारखं करून टाकू शकतं, म्हणून निदानाचा कागद कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी दाखवा. बीपी एकदा झोपून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर चक्कर त्याचीच आहे.

पडलेच तर काय? लगेच उचलायचं नाही. दुखतंय का विचारलं तर "नाही" असं उत्तर येऊ शकतं, कारण दुखणं जाणवतं पण सांगता येत नाही. तोंड बघा, कपाळावर आठ्या, कण्हणं, एखाद्या ठिकाणी हात लावू न देणं. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय तर खुबा मोडलेला असण्याची दाट शक्यता, उभं करायचं नाही, फळीवर घ्या आणि हॉस्पिटल गाठा. कधी कधी मोडलेल्या खुब्यावर माणूस दोन पावलं चालतोसुद्धा, म्हणून मांडीच्या सांध्यात दुखतंय असं वाटलं तरी एक्स-रे काढाच. आणि "डिमेन्शिया आहे, ऑपरेशन कशाला" हे वाक्य नातेवाईकांकडून फार ऐकतो. तब्येत झेपणारी असेल तर खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट उभा राहावा, हाच जगभरचा नियम आहे आणि तो डिमेन्शियाच्या पेशंटलाही लागू आहे. न केलं तर वेदना राहते आणि खाटेवरचं आयुष्य सुरू होतं.

व्यायामाने स्मरणशक्ती परत येते का? नाही. इथे मला खोटी आशा विकायची नाही. इंग्लंडमध्ये ४९४ डिमेन्शियाच्या पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०१८ ला प्रसिद्ध झाला, जोरदार व्यायाम चार महिने देखरेखीखाली करवून घेतला, पेशंटची ताकद आणि दम वाढला पण विसरणं काही थांबलं नाही. दुसऱ्या बाजूला फिनलंडचा २०१३ चा अभ्यास आहे, अल्झायमर असलेले आणि घरीच जोडीदारासोबत राहणारे २१० जण, त्यातल्या काही जणांकडे फिजिओ आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, वर्षभर घरी गेला. सगळ्यांचीच परिस्थिती खालावली, पण घरी व्यायाम झाला त्यांची हळू खालावली, आणि व्यायाम करणारे पडलेही कमी. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. आजी नातवाचं नाव विसरेल, पण संडासाला स्वतःच्या पायांनी जाईल, कदाचित वर्षभर जास्त. ज्याने रोज डायपर बदललाय त्याला विचारा हे एक वर्ष केवढं असतं.

शेवटच्या टप्प्यात माणूस अंथरुणाला लागतो तेव्हाही काम असतं, फक्त वेगळं. हात सरळ करायला गेलं की पेशंट उलटा जोर लावतो, आपण जितक्या जोरात आणि भरभर ओढू तितका जास्त. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतायत. याला पॅराटोनिया म्हणतात, मेंदूचाच दोष आहे, आणि हळूहळू, संथ हालवलं, अंग कोमट पाण्याने शेकून घेतलं की तोच हात सैल पडतो. हे रोज झालं नाही तर गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या अशा अवस्थेत सांधे कायमचे आखडतात, मग तळहातात नखं रुततात, मांड्या धुता येत नाहीत. मुठीत मऊ धडप्याची गुंडाळी द्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी, साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पेज भरवताना पाठ सरळ टेकवून बसवायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, आडवं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो.

हे सगळं करणारी बाई, बहुतेक घरांत बाईच, तिची कंबर सहा महिन्यांत जाते. फिजिओ हा तिचाही असतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खाटेवरून वर सरकवायला पेशंटच्या खाली दुमडलेली चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी ती सरकवा, हाताने माणूस ओढू नका. उठवताना तुमचे गुडघे वाकलेले आणि पेशंट अंगाच्या जवळ, हात लांब करून कधीच नाही. मदतीला माणूस हवाच असेल, कोणाला विचारायचं कळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही फुकट हेल्पलाईन आहे, आणि फिजिओ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

घरी फिजिओ रोज यायला हवा असं काही नाही, खर्चही झेपत नाही आणि गावागावात माणूसही मिळत नाही. महिन्यातून दोन-तीनदा आला तरी चालेल, पण त्याने पेशंटला व्यायाम देऊन निघून जाण्यापेक्षा जो रोज सोबत असतो त्याला शिकवावं, त्याच्याकडून समोर करून घ्यावं, आणि तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे मुंबईहून आलेला भाऊ चार दिवसांत पुन्हा काखेतून उचलायला लागणार नाही. वेळ ठरवताना पेशंट ताजातवाना असतो ती घ्या, बहुतेकांची सकाळची असते. आणि तो आला की ओटीवर चहा देऊन बसवू नका, आधी न्हाणी, मागीलदारचा संडास आणि पेशंट झोपतो ती खाट दाखवा, चहा त्यानंतर.